देवचक्क्यांचं फूल

"यंदा तुमच्या घरी सण नाही, हे मान्य," चांदवडकर साहेब म्हणाले, "पण हे नवं वर्ष इंग्रजी आहे, देवचक्के. त्याला सुतक नसतं."

सुमंत देवचक्के टेबलासमोर उभे होते. नगरच्या दुष्काळी कामांच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. म्हणजे साहेबांसमोर उभं राहण्याचा मान त्यांना सर्वांत जास्त वेळा मिळे.

"पन्नास कार्डं पुरेत. तीस सचिवालयात जातील, वीस इकडे तिकडे. गेल्या वर्षीसारखंच करा, कोपऱ्यात तुमचं ते कागदी फूल. वहिनी गेल्या, फार वाईट झालं. पण कला आहे ना हाताशी. मन रमवा तिच्यात."

"हो," देवचक्के म्हणाले.

बारा वर्षांपूर्वीही ते असंच 'हो' म्हणाले होते. तेव्हाचे साहेब वेगळे, टेबल हेच. देवचक्क्यांनी दिवाळीला घरी बनवलेलं शुभेच्छापत्र साहेबांना दिलं होतं. मजकूर त्यांचा, अक्षर त्यांचं, खाली सही त्यांची. कोपऱ्यात पतंगाच्या कागदाची, बोटाच्या पेराएवढी पिवळी शेवंती. साहेबांनी चष्मा काढून विचारलं, "हे फूल तुम्ही केलंत?" साहेबांना 'नाही' म्हणायची देवचक्क्यांना सवय नव्हती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. अंबिकाबाई तेव्हा दुसऱ्या फुलाची पाकळी विणायच्या सुईवर गुंडाळून तिला बाक देत होत्या.

"मग सांगायचं होतं की, बायकोनं केलं म्हणून."

"तोंडातून निघून गेलं. उद्या सांगतो."

"राहू द्या आता. बढती तुम्हांला मिळायचीय, मला नाही."

बढती मिळाली. 'उद्या' तेवढा राहिला.

साहेब बदलत गेले, फुलांचं नाव वाढत गेलं. एकदा हस्तकलेच्या प्रदर्शनात देवचक्क्यांना प्रशस्तिपत्र मिळालं. त्यांनी भाषण केलं. अंबिकाबाई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. परतताना टांग्यात त्या म्हणाल्या, "भाषणात 'तळमळ' तीनदा म्हणालात. फुलाला तळमळ लागत नाही हो. खळ लागते, तीही पातळ."

भाद्रपदात तीन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. कचेरीनं दोन मिनिटं शांतता पाळली आणि कामाचा खोळंबा होऊ नये म्हणून ती जेवणाच्या सुट्टीत पाळली.

रविवारी देवचक्क्यांनी फळीवरचा बिस्किटांचा डबा खाली काढला. आत कात्री, विणायची सुई, रंगीत कागदांचे तुकडे होते. एका पुडीत परागांसाठी हळदीत घोळवलेला बारीक रवा होता. रेशनवर लाल मिलो ज्वारी खायची वेळ आलेली असताना हा चमचाभर रवा तिनं कुठून वाचवला होता, कोण जाणे. तळाशी दोऱ्याची चार-पाच रिळं होती. दोरा बाजारचा नव्हता. जुनी झालेली पातळं उसवून काढलेले धागे होते ते. जांभळा त्यांनी ओळखला. मेहुण्याच्या लग्नातलं पातळ. हिरवा आठवेना.

त्यांनी पाकळ्या कापल्या, खळ लावली, गुंडाळलं. कोबी झाला. दुसरा केला, तोही कोबी. शेवटची गाठ घालताना ती दोऱ्याचं एक टोक दातांत धरायची, एवढं त्यांना आठवत होतं. त्यांनी धरून पाहिलं. दोरा तुटला. बारा वर्षं ते तिच्यासमोर खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत आले होते. फूल होताना त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

दुपार कलेपर्यंत अकरा कोबी झाले. त्यातल्या त्यात बरा, जांभळ्या दोऱ्याचा, त्यांनी कोटाच्या खिशात टाकला.

सोमवारी ते साहेबांच्या खोलीत गेले, तेव्हा हिशेबनीस शामकांत टोके फाइल घेऊन आधीच उभे होते. देवचक्क्यांना वाटलं, बरं झालं, साक्षीदार आहे.

"साहेब, कार्डं होणार नाहीत. ती फुलं मी करत नव्हतो. माझी पत्नी करायची. बाराही वर्षं. मी फक्त खाली सही केली."

खोलीत शांतता झाली. ही खरीखुरी होती. मग चांदवडकर साहेब खुर्चीतून उठले. हेडक्लार्कसाठी ते पहिल्यांदाच उठत होते.

"टोके," ते म्हणाले, "याला म्हणतात संसार."

"कमाल आहे," टोके म्हणाले. "सगळं श्रेय वहिनींना देऊन मोकळे झाले. आमच्यानं फंडाच्या फॉर्मवरसुद्धा बायकोचं नाव लिहवत नाही."

"साहेब, मी खरं सांगतोय."

"खरंच आहे ते. जिच्या जोरावर माणूस कला करतो, कला तिचीच."

देवचक्क्यांनी खिशातला कोबी काढून टेबलावर ठेवला. "हे मी केलेलं."

साहेबांनी तो तळहातावर घेऊन पाहिला. "हात कापतोय तुमचा अजून. होईल हळूहळू."

टेबलाच्या काचेखाली गेल्या वर्षीचं कार्ड होतं. काचेनं शेवंती चपटी झाली होती, पण देठापाशी धागा दिसत होता. हिरवा. देवचक्क्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"हा दोरा बघा. तिच्या पातळाचा आहे."

साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. "दोरासुद्धा त्यांच्याच पातळाचा घेत होतात तुम्ही," ते म्हणाले. "जा, देवचक्के. दोन दिवस घरी राहा. कार्डं आपण छापील मागवू." आणि कोबी त्यांनी अगदी जपून परत दिला.

देवचक्के बाहेर आले. दाराशी स्टुलावर आसाराम शिपाई बसला होता. तो उठला. आतलं सगळं त्याला ऐकू येत असे. त्यासाठीच ते स्टूल तिथं होतं.

"बाईच करायच्या," तो हळूच म्हणाला. "फायली घिऊन घरी यायचो ना मी. लई डाव पाह्यलंय. टोक दातात धरायच्या अन् एका झटक्यात गाठ."

"मग आत येऊन सांगायचं नाही?"

"मला कोन इचारतंय, रावसाहेब. राग धरू नका, पन तुमी तरी बारा वर्सं कुठं बोल्ला?"

देवचक्क्यांनी राग धरला नाही.

"एक फूल मला बी दिल्तं बाईंनी," आसाराम म्हणाला. "म्हनल्या, पोरीच्या केसात माळ. पन आमच्या कारभारनीनं, छबूनं, पोरीला हात लावू दिला न्हाई. देव्हाऱ्यात ठिवलंय. औंदा आमच्या श्रीगोंद्याकडं देवाला फूल कुठलं हाय? झेंडूबी जळाला. मग ती रोज सकाळी त्येच वाहती. सांजच्याला उचलती, फुंकून धूळ काढती, डबीत ठिवती. दुसऱ्या दिशी पुना त्येच."

"तिला काय सांगितलंस? फूल कुणाचं म्हणून?"

"बाईंचं," आसाराम म्हणाला. "आजून कुनाचं असंल?"

आत साहेबांची घंटा वाजली. आसाराम टोपी सारखी करत गेला.

देवचक्के त्याच्या स्टुलावर बसले. कारकुनांनी टेबलांवरून माना वर करून पाहिलं आणि दुःख मोठं आहे असं समजून पुन्हा खाली घातल्या. देवचक्क्यांनी खिशातला कोबी काढला, तळहातावर धरला आणि हलकेच फुंकर घातली. धूळ नव्हतीच, कालचाच तर होता. तुटक्या गाठीतला जांभळा धागा तेवढा हलला.