वरच्याचा अर्ज

“हात वर करा. आता खाली वाका. बोटं पायांना लागतात?”

लागली.

“चालून दाखवा. खिडकीपर्यंत.”

तो खिडकीपर्यंत गेला आणि परत आला. डॉक्टरीणबाईंनी फॉर्मवर चौथी बरोबरची खूण केली. सगळं नीट जमत होतं, आणि इथे सगळं नीट जमणं म्हणजेच आजारपणाच्या भत्त्याचा अर्ज फेटाळला जाणं होतं.

“शिडी चढता येते?”

“येते.” खोटं त्याच्या तोंडून निघेना. “चढायची अडचण नाही, मॅडम. उतरायला वेळ लागतो.”

“म्हणजे गुडघे दुखतात?”

“नाही. गुडघे चांगलेत.”

बाजूच्या टेबलावरच्या कारकुनानं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

सव्वीस वर्षं तो टॉवर क्रेन चालवत होता. वीस मजल्यांच्या उंचीवर काचेची केबिन, त्यात एक खुर्ची, दोन्ही हातांशी दोन दांडे, आणि कानाशी वॉकीटॉकी. सकाळी सगळ्यांच्या आधी चढायचं आणि सगळे गेल्यावर उतरायचं. साइटवर त्याला सगळे ‘वरचा’ म्हणत. सिमेंट वेळेवर वर गेलं नाही, की गवंडी आभाळाकडे बोट दाखवत, “वरच्याच्या मनात असेल तेव्हा जाईल!” ती चेष्टा त्याला आवडायची. वर एकटेपण होतं, पण त्या एकटेपणाला काम होतं. खालच्या एकटेपणाला ते नव्हतं.

मग आतड्यानं दगा दिला. मोठ्या आतड्याला आतून जखमा होत, गोळ्यांनी भरत आणि परत होत. हे मरेपर्यंत चालणार, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं होतं. कळ आली की दोन मिनिटांची सवड मिळे. शिडीवरून उतरायला नऊ मिनिटं लागत.

त्यानं कुणालाच सांगितलं नाही. ताईला एवढंच माहीत होतं, की भावाला ॲसिडिटी आहे. तिच्या घरी आठ माणसं आणि एक संडास. म्हणून त्यानं तिच्याकडे जाणं आधी कमी केलं, मग बंद केलं. भाचीच्या लग्नाला तो गेला नाही, काम आहे म्हणाला. “मामाला एक दिवस मिळाला नाही?” एवढंच ताई फोनवर म्हणाली. त्यानंतर तिचा फोन आला नाही, आणि करायला त्याला तोंड नव्हतं.

“तुमची फाइल मी वाचलीये,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज रुक्ष होता, पण वाईट नव्हता. “आजार आहे, त्यावर वाद नाही. त्यामुळे काम अशक्य होतं का, एवढंच मला बघायचंय. तुम्ही अकरापासून बाहेर बसलात. आता दीड वाजलाय. अडीच तासांत एकदाही उठला नाहीत.”

“हो.”

“मग?”

काल सकाळपासून त्यानं अन्नाचा कण पोटात घातला नव्हता. पाणीसुद्धा घोटभरच. मागच्या तारखेला तो टॉयलेटमध्ये असताना त्याचा नंबर पुकारला गेला होता आणि फाइलवर ‘गैरहजर’ असा शिक्का बसला होता. दुसरा शिक्का म्हणजे अर्ज बंद. म्हणून त्यानं ही तयारी केली होती. हे सगळं जिभेवर आलं, पण बाहेर पडलं ते वेगळंच.

“आज बरं आहे.”

“दिवसातून किती वेळा जावं लागतं?”

“पाच... सहा वेळा.”

इथेही त्यानं आकडा कमी करून सांगितला. परक्या बाईसमोर, कारकुनासमोर, आहे तो आकडा उच्चारायची त्याला लाज वाटली. कारकुनानं ‘पाच-सहा’ लिहून घेतलं. पेनाचा तो आवाज त्याला ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी शेवटचं पान उलटलं. तिथे एक बंद पाकीट टाचलेलं होतं. अर्जदाराला जवळून ओळखणाऱ्या कुणीतरी निवेदन द्यायचं, आणि ते अर्जदारानं उघडायचं नाही, असा नियम होता. ते पान कुणाकडून भरून घ्यायचं, यावर त्यानं पंधरा दिवस घालवले होते. शेवटी त्यानं ते साइटवरच्या सिग्नलमनला पोस्टानं पाठवलं. क्रेनखाली उभं राहून वॉकीटॉकीवरून “हळू... हळू... बास” सांगणारा हा माणूस. त्याच्या खणखणीत आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. आता तो दुसऱ्या गावच्या साइटवर होता. अकरा वर्षं रोज तो आवाज कानात होता, पण समोरासमोर बसून दोघं एकदाही बोलले नव्हते. भोंग्याला काहीच माहीत नाही, याची त्याला खात्री होती. ‘पोटाच्या त्रासाबद्दल दोन ओळी लिहा,’ एवढंच त्यानं कळवलं होतं.

पाकिटातून दोन ओळी नव्हे, दोन पानं निघाली. डॉक्टरीणबाई नोंदीसाठी मोठ्यानं वाचू लागल्या.

“‘मी सिग्नलमन आहे. आजाराबद्दल यांनी मला कधीच सांगितलं नाही. पण हूक हवेत मध्येच थांबला, की मला कळायचं. चांगला ऑपरेटर हूक असा लटकत ठेवत नाही. मग मी खालच्या लोकांना सांगायचो, ट्रक यायचाय, पट्टा तपासायचाय, वारा वाढलाय. वारा नसला तरी सांगायचो. दिवसात दहा-दहा वेळा. नंतर नंतर मोजायचं सोडलं. मुकादम मला कामचुकार म्हणायचा, म्हणू दे. ते झाकणाची बादली घेऊन वर जातात, हे मला ठाऊक होतं.’”

त्यानं खुर्चीची कड घट्ट धरली. डॉक्टरीणबाई थांबल्या, त्याच्याकडे पाहिलं, आणि पुढचं जरा हळू आवाजात वाचलं.

“‘शेवटच्या दिवशी ते शिडी उतरत होते आणि अर्ध्यात थांबले. बराच वेळ हलले नाहीत. काय झालं ते मी समजलो. मी शिट्टी मारून सगळ्यांना पलीकडच्या गेटावर हजेरीला बोलावलं. त्या वेळी हजेरी नसते. शिडीपाशी पाण्याची नळी सोडून ठेवली आणि मीपण गेलो. कुणी पाहिलं नाही, असं त्यांना वाटत असेल. हे वाचून त्यांना वाईट वाटेल. पण खरं लिहा असं वर छापलंय, म्हणून लिहितो. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक वीट पडली नाही.’”

कारकुनाचं पेन थांबलं होतं.

ती दुपार त्याला आठवली. खाली उतरला तेव्हा साइट रिकामी होती आणि कुणीतरी विसरलेली नळी वाहत होती. आपलं नशीब, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. ओल्या कपड्यांनी तो मागच्या वाटेनं घरी गेला. दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही, आणि त्यानंतर कधीच नाही.

“पाणी हवंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नको. प्यायलो तर जावं लागेल.” मग तो म्हणाला, “पाच-सहा नाही, मॅडम. पंधरा वेळा. वाईट दिवस असला तर वीस. रक्त पडतं. काल सकाळपासून खाल्लं नाहीये, म्हणून इथे बसू शकलो. रस्त्यानं निघालो की आधी टॉयलेट कुठे आहे ते बघतो, मग जायचं ठिकाण बघतो. बहिणीकडे जाऊन तीन वर्षं झाली.”

एवढं सलग तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. कारकुनानं ‘पाच-सहा’ खोडलं.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ लिहिलं. “भत्ता मंजूर करतेय. दोन वर्षांनी परत तपासणी होईल. त्या दिवशी मात्र जेवून या,” त्या म्हणाल्या. “आणि बाहेर खिडकीवर ऑपरेटरचा परवाना दाखवा. तो रद्द करावा लागतो.”

बाहेर येऊन त्यानं पहिल्यांदा भोंग्याला फोन लावला. तिकडे कामाची वेळ होती. घंटी वाजत राहिली आणि थांबली. उचलला असता तर काय बोलायचं, हे त्यालाही ठरवता आलं नव्हतं.

खिडकीवर तोच कारकून येऊन बसला होता. परवान्यावरच्या फोटोत विशीतला, दाट केसांचा मुलगा होता. पहिल्यांदा उंचावर जाणार म्हणून चेहऱ्यावर हसू दाबलेलं.

“भोक पाडून परत देतो. आठवण म्हणून ठेवता येतं,” कारकून म्हणाला. त्यानं कार्ड मशीनमध्ये सरकवलं, मूठ दाबायला हात नेला, आणि थांबला. कार्ड बाहेर काढलं, उलटं फिरवलं, पुन्हा घातलं, डोळे बारीक करून नेम धरला.

“सरळ घातलं की भोक चेहऱ्यावर पडतं,” तो वर न बघता म्हणाला.

खट् आवाज झाला. कार्डाच्या कोऱ्या कोपऱ्यात एक गोल भोक पडलं होतं. कारकुनानं भोकाच्या कडेचा चुरा फुंकरीनं उडवला आणि कार्ड त्याच्यापुढे सरकवलं.

त्यानं ते शर्टाच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं, आणि मागच्या माणसासाठी जागा केली.