बाबांच्या गाण्यातली घरघर

मी टेबलाखालून बोलतोय. मी एक कॉम्प्युटर आहे. चांगला धिप्पाड, अंगभर निळे दिवे असलेला. खरं तर या घरात मला बोलायला तोंड नाही, तरी आज सांगतोच.

ताईला घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायची होती. तिच्या मैत्रिणीने बजावलं होतं, "माझ्यासारखाच छोटा लॅपटॉप घे. आवाज करत नाही, आणि अडलीस तर सांगायला मी आहे." पण दुकानात सोबत धाकटा भाऊ होता. "अगं ताई, याची ताकद बघ! शिवाय यावर गेमही चालतील." तिथे एवढा गोंगाट, की माझा पंखा कुणाला ऐकूच आला नाही. मीही दिवे लुकलुकवत मिरवत राहिलो.

बाबा बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करायचे. तीस वर्षं त्यांचा आवाज तिथे घुमला. आता घशाचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर आवाज राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. ताईच्या लहानपणी त्यांनी स्वतः रचलेली अंगाई तिला जपून ठेवायची होती.

दवाखान्यात जायच्या सकाळी आईने फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ दुसऱ्या खोलीत नेलं. उरलो मी. ताईने मला जाड रजईत गुंडाळलं. झालं! माझा जीव गुदमरला, अंग तापलं आणि पंखा असा सुटला की विचारू नका. रजई काढली तरी माझा पारा उतरेना. ताईने मैत्रिणीला फोन लावला. "तुझ्या कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नाही गं," ती म्हणाली. बाहेर रिक्षा येऊन थांबली होती. "होऊन जाऊ दे, बाळा," बाबा म्हणाले आणि एकदाच गायले.

आता बाबा वहीत लिहून बोलतात. ताई गाण्यातून माझी घरघर काढायला बसली की घरघरीबरोबर बाबांचा श्वासही निघून जातो, आवाज पत्र्यासारखा होतो. परवा बाबांनी लिहिलं, "राहू दे ती. त्या दिवशी भीतीने माझा आवाज कापत होता. घरघरीत लपला." ताई वाचून रडली. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही गाण्यासाठी कॉम्प्युटर घ्याल तेव्हा दिवे बघू नका. तो शांत खोलीत चालू करा आणि जरा वेळ नुसते त्याच्याजवळ बसा.

ताई ते गाणं लावते तेव्हा मी होता होईल तेवढा थंड राहतो. पण गाण्यातला मी काही केल्या गप्प बसत नाही.