आरफाचा नेम आणि मी

मित्रांनो, मी एक जुना माउस आहे, जुन्नरच्या आरफाच्या संगणकाचा. माझ्या पोटाखाली एक बारीक तांबडा दिवा आहे. त्याच्या उजेडात मला फक्त कापड दिसे. आरफाचे अब्बा वजीरभाई शिंपीकाम करतात. पॅन्टच्या उरलेल्या करड्या कापडाचं आसन त्यांनीच मला शिवून दिलं होतं. त्यावरून मी धुक्यातून जावं तसा तरंगत असे. वरचं सारं मला आरफाच्या बोटांतून कळे.

आरफा कॉलेजात शिकते. चार मैत्रिणींच्या संघातून ती नेमबाजीचा गेम खेळायची. एकदा समोर शेवटचा एकच गडी उरला होता. तिने मला जोरात ओढलं, नेम त्याच्या पुढे निघून गेला आणि संघ हरला.

पिंपळवंडीची वृषाली त्यांची कप्तान. ती फोनवर म्हणाली, "मंचरच्या स्पर्धेला महिना आहे. तवर नेम बसला न्हाई तर तुझ्या जागी दुसरी घ्यावी लागंल."

मग आरफाने नेमाचा सराव करून घेणारं सॉफ्टवेअर संगणकावर टाकलं. त्यात रिकाम्या भिंतीवर निळे गोळे उमलत आणि टिपले नाहीत तर विरून जात. ती मला घट्ट आवळून तासन्‌तास त्यांच्यामागे धावायची. गुण मात्र घटतच गेले. आठव्या दिवशी मनगट सुजलं. तिच्या अम्मीने मला कपाटात ठेवून दिलं. तिथे मला वाटे, ते निळे गोळे माझ्यावरून संथ वाहत चालले आहेत.

पाच दिवसांनी सूज उतरली. "अब्बा, माझा हातच वाईट आहे," मला बाहेर काढताना आरफा म्हणाली.

वजीरभाईंनी शिलाई मशीन थांबवलं. "बेटा, सुईत दोरा ओवताना मी हात पळवत न्हाई. आधी नजर भोकावर ठरते, मग हात जातो. तू नजरेच्या आधी हात धाडतीस."

त्या दिवसापासून तिने मला अलगद धरलं. आधी बघायचं, मग सरकायचं, मग बटण दाबायचं. वीस मिनिटं झाली की ती उठे. गोळे सापडू लागले.

मंचरला आरफा मला सोबत घेऊन गेली. शेवटच्या फेरीत ती एकटी उरली, समोर दोघी. तिने मला हलवलंच नाही. तिच्या बोटांतली नाडी मला ऐकू येत होती. मग एकदा बटण दाबलं. बोटभर डावीकडे सरकून पुन्हा एकदा. संघ जिंकला.

"तू थांबलीस कशी?" वृषालीने विचारलं.

"बघत व्हते," आरफा म्हणाली.

आता माझं डावं बटण झिजलं आहे. एकदा दाबलं तरी दोनदा लागतं. आरफा नव्या माउसवर खेळते आणि मी तिच्या अम्मीला पदार्थांचे व्हिडिओ लावून देतो. त्यांच्या बोटांना हळद असते.

मित्रांनो, आमच्या तळाची धूळ अधूनमधून पुसत जा. पण हात ठणकला की आम्हाला खुशाल सोडून उठा. आम्ही कुठे जात नाही. वाट बघायला आम्हाला आवडतं.