मातीवरचा परका अंगठा

सकाळी साडेसातला शिल्पकाराने मातीच्या पुतळ्याच्या डोक्यावरची ओली फडकी काढली. डावी पापणी बदललेली होती.

काल ती जड होती, आज तिच्यात जीव होता. शिल्पकार डावखुरा. त्याच्या अंगठ्याचे फराटे नेहमी एका बाजूला उतरतात. हे उलट उतरले होते. चौकात बसणारा हा पुतळा आपला शेवटचा मोठा, असं तो सांगत आला होता. त्यावर दुसऱ्याचा हात फिरला असेल, तर तो त्याचा राहत नव्हता.

कार्यशाळेची किल्ली आणखी दोघांकडे असे: मुलीकडे आणि मातीवरून प्लास्टरचा साचा घेणाऱ्या साचेवाल्याकडे. दोघंही उजव्या हाताची.

"मातीला हात कुणी लावला?"

"मी फक्त पाणी मारलं," मुलगी म्हणाली.

"पाण्याने पापणी उचलत नाही."

"मग तुम्हीच केली असेल, बाबा. डोळा झोपाळू दिसतोय म्हणत होतात ना?"

"मला वेड लागलंय का?"

साचेवाला प्लास्टर चाळत होता. "दादा, भूत असेल तर शिकलेलं आहे. आमच्याकडे पाठवा, साच्याचे सांधे घासायला."



त्या संध्याकाळी शिल्पकाराने फडकी स्वतः गुंडाळली आणि वर स्वतःची उलटी गाठ मारली. सकाळी गाठ जशीच्या तशी होती. ओठाचा कोपरा मात्र सैल झाला होता.

"ही गाठ मी तुला एकटीलाच शिकवली."

"सगळ्यांना शिकवलीत," मुलगी हळूच म्हणाली. "तुम्हाला आठवत नाही."

त्याने साचेवाल्याकडे पाहिलं. साचेवाला चाळणी झटकू लागला.

शिल्पकाराने ओठ खरवडायला कोरणी उचलली, तेवढ्यात पुतळा मंजूर करणारी चौकाची समिती दारात आली. अध्यक्ष पुतळ्याभोवती फिरले. "आता बोलतोय हो! परवा नुसता रुसून बसला होता." पुतळा मंजूर झाला. शिल्पकाराने हात जोडले. कोरणी तशीच बोटांत होती.

मंडळी गेल्यावर साचेवाल्याने प्लास्टर कालवलं. साचा घेण्याआधी शिल्पकार नेहमी पायथ्याच्या मातीत आपलं नाव कोरतो.

"दादा, नाव?"

शिल्पकाराने कोरणी मुलीपुढे धरली. "तू घाल. तुझं."

"माझं कशाला? पुतळा तुमचा आहे."

"मग सांग, हात कुणाचा?"

तिने कोरणी घेतली आणि स्टुलावर ठेवली. प्लास्टर घट्ट होऊ लागलं होतं. साचेवाल्याने थांबणं सोडून पहिला थर मारला.

साचा काल धातू ओतायला ओतशाळेत पोचला. पायथ्याच्या कडेला नाव नाही.