भंतेजींचा परवाना

जानराव खलाशी माणूस, पण बोटीवरचा नव्हे. कारखान्याच्या बांधकामात गर्डर वर चढवणं हे त्याचं काम. गर्डर एक तर वर असतो, नाही तर खाली असतो; मध्येच लटकला तर शिट्टी मारायची आणि सगळ्यांनी बाजूला व्हायचं. इतका सरळ हिशेब. त्यामुळं माणूस आपल्या घरात बसलेला असूनही सरकारच्या मते तो इथं नसायलाच पाहिजे, ही गोष्ट त्याच्या डोक्यात काही केल्या शिरेना.

तो माणूस म्हणजे मौंग थेन. ब्रह्मदेशाचा पोरगा, मिसरूड नीट न फुटलेला, कारखान्याच्या ट्रेनिंग शाळेत शिकायला आलेला. परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या दुर्गच्या कचेरीचा शिपाई येऊन सांगून गेला, की शाळेनं गैरहजेरीपायी याचं नाव काढलंय, म्हणून याचा शिक्षणाचा परवाना मेला. वर यानं हॉस्टेल सोडून इथं मुक्काम हलवला तो कचेरीत न कळवता. आता एक तर परवाना पुन्हा जिवंत करून घ्या, नाही तर पोराला बोटीत बसवा.

“पण तो तर हा काय, समोर बसून हाय,” जानराव शिपायाला म्हणाला. “मी त्याले लपवून थोडीच राहिलो?”

शिपाई म्हणाला, समोर असणं वेगळं आणि कायद्यानं असणं वेगळं. चहा पिऊन तो निघून गेला आणि जानराव कपाळाला हात लावून बसला.

सगळी भानगड सुरू झाली हिराच्या लग्नापासून. हिरा म्हणजे जानरावची एकुलती एक पोर. कामगारांच्या कॅम्पातली त्यांची घरांची अख्खी लाईन चांद्या-भंडाऱ्याकडची, नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलेली. जुने देव नदीत सोडले ते फार बरं झालं, पण लग्नाला उभं कोणाला करायचं? भंते म्हणावे तर नागपुरात, आणि त्यांना तिथल्याच कामातून उसंत नाही. अशात सुपेल्याच्या बाजारात कोणीतरी खबर दिली, की ट्रेनिंग शाळेच्या हॉस्टेलात ब्रह्मदेशाचं एक पोरगं आहे, जन्माचं बौद्ध. आपण कालपरवाचे, तो पिढ्यान्‌पिढ्यांचा. जानराव तस्साच तिकडं गेला. पोरगा नुकताच तापातून उठला होता. तापात डोक्यावरचे केस काढलेले, अंगावर पिवळट चादर. झालं. जानरावनं दारातच जमिनीला डोकं टेकलं.

थेन परोपरीनं सांगत होता, की मी भंते नाही. आमच्याकडं लहानपणी सगळीच पोरं थोडे दिवस विहारात राहतात, तसा राहिलो, तेवढीच वंदना येते. जानरावला वाटलं, मोठी माणसं अशीच बोलतात. तो जितका नाही म्हणे, तितकी याची खात्री पटत जाई.

हिराचं लग्न असं काही झालं की बघत राहावं. पांढरं लुगडं, मेणबत्त्या, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि थेनचा तो गोड आवाज. नवरदेवाचा बाप देवराव चरोद्याला रेल्वेत गार्ड, स्वभावानं कडक, पण त्यानंही भंतेजींच्या पायावर डोकं ठेवलं. मग काय विचारता. आज याचं बारसं, उद्या त्याचं लग्न, परवा कोणाची माती. एकदा पावसापाण्याचं जाणं-येणं नको म्हणून जानरावनं त्याला घरीच आणून ठेवलं, पुढची खोली दिली. शाळेचं नावसुद्धा कोणी काढलं नाही, आणि खरं सांगायचं तर थेननंही काढलं नाही.

जानरावची बायको रुक्मा तर त्याच्यासाठी जीव टाकायची. भंते दुपारी बारानंतर अन्न घेत नाहीत, हे तिनं दीक्षेच्या वेळी ऐकून ठेवलं होतं. म्हणून दुपारचा भोंगा व्हायच्या आत ती त्याला सगळ्यांआधी वाढायची, आणि संध्याकाळी घरची माणसं भाकरीला बसली की त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवायची. “काय संयम हाय,” ती शेजारणींना सांगायची, “भाकरीकडं पाहत पण नाई.”

तर असं हे सगळं छान चाललं होतं आणि त्यात तो शिपाई आला.

जानरावनं रजा टाकली आणि थेनला घेऊन शाळेत गेला. शाळेतले मोठे साहेब भले माणूस. म्हणाले, घेऊ की परत, पण परवाना मेलेल्या माणसाचं नाव पटावर घालता येत नाही, आधी परवाना आणा. मग दुर्गच्या कचेरीत गेले. तिथले साहेब म्हणाले, शिक्षणाचा परवाना शिकणाऱ्याला मिळतो, आधी शाळेत नाव असल्याची चिठ्ठी आणा. जानराव पुन्हा शाळेत. शाळा म्हणे कचेरी, कचेरी म्हणे शाळा. जानरावला भोवळ यायची पाळी आली. दोन क्रेनवाल्यांनी एकमेकांना ‘आधी तू उचल’ म्हणत उभं राहावं, तसा प्रकार.

शेवटी शाळेच्या साहेबांनी कागद दिला, की कचेरीची हरकत नसेल तर आम्ही याला परत घेऊ. तो पाहून कचेरीतले साहेब थोडे मऊ झाले. म्हणाले, “नियम यानं मनानं मोडला की परिस्थितीनं मोडला, एवढं मला बघायचंय. मधल्या काळात काय करत होता, हे सांगणारी दोन जबाबदार माणसं आणा.”

जबाबदार माणूस म्हटल्यावर जानरावच्या डोळ्यापुढं एकच माणूस आला, तो म्हणजे व्याही. देवराव रेल्वेचा पांढराशुभ्र गणवेश घालून आला. दोघंही आदल्या दिवसापासून घोकून आले होते, की पोराचं जितकं चांगलं सांगता येईल तितकं सांगायचं.

“साहेब, हे आमचे भंतेजी,” जानरावनं सुरुवात केली. “आमच्या लायनीतली सगळी लग्नं यायनंच लावली. रात्रंदिवस धम्माचं काम करून राहिले.”

“माझ्या पोराचं लग्न यायच्याच हातचं,” देवराव म्हणाला. “असा उच्चार नागपुरात ऐकला नाई मी.”

साहेब भराभर लिहून घेत होते. जानरावला वाटलं, काम फत्ते. दोघांनी ऐटीत सह्या केल्या. मग साहेबांनी दौतीचं झाकण लावलं आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे हा शिकायला आला आणि धर्माचं काम करत बसला. तुम्हीच तसं लिहून दिलंत. मग मी याला विद्यार्थी कोणत्या तोंडानं म्हणू?”

ज्या गोष्टीचं कौतुक सांगितलं तोच गुन्हा निघाला. साहेबांनी पुढच्या सोमवारी पुन्हा बोलावलं. म्हणाले, सांगण्यात काही राहिलं असेल तर तेव्हा सांगा, नाही तर मी कागद बंद करतो.

परत येताना देवराव रस्त्यात थांबला. जानरावच्या मनात काय चाललंय ते त्यानं बरोबर ओळखलं होतं.

“सोमवारी तू म्हणशील, हा भंते नाई,” तो म्हणाला. “मग माझ्या पोराचं लग्न कोणी लावलं? एका नापास पोट्ट्यानं? रेल्वेतले लोक माझ्या तोंडावर हसतीन. तसं बोलशील तर मग लग्न झालंच नाई म्हण, अन्‌ आपली पोरगी घेऊन जा घरी.”

हिराला तेव्हा दिवस गेले होते. इकडं पोराचं जाणं, तिकडं पोरीचं येणं. घरी येऊन त्यानं रुक्माला सांगितलं, तर ती म्हणाली, भंतेजी भंतेजीच आहेत, सरकारला काय कळतं. जानरावचा गोंधळ आणखी वाढला. भंते म्हणून ठेवावं तर तो जातो, आणि राहावा म्हणावं तर तो भंते उरत नाही. मग आपण ठेवतोय कोणाला?

थेन सगळं ऐकत होता. एवढ्या महिन्यांत तो यांच्यासारखंच बोलायला शिकला होता.

“दादा, मी जातो,” तो म्हणाला. “चूक माझी पण हाय. शाळेत मास्तर काय सांगे, मले समजे नाई. विचारलं तर पोरं हसत. तिथं मले काहीच येत नव्हतं. इथं आलो तर तुमाले वाटे, मले सगळंच येते. म्हणून राहून गेलो.”

“घरी काय सांगशील?”

थेननं मान खाली घातली. “बापानं जमीन विकून धाडलं,” तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. भंते रडत नाहीत अशी जानरावची समजूत होती. त्यानं पहिल्यांदाच त्या पोराकडं नीट पाहिलं. हिराहून लहानच असेल.

सोमवारी देवराव कचेरीत आला. सही केलेली, त्यामुळं येणं भागच होतं. गणवेश तोच, पण जानरावकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही. साहेबांनी विचारल्याबरोबर जानराव एका दमात बोलून गेला, थांबलो तर धीर राहणार नाही म्हणून.

“साहेब, हा भंते नाई. यानं पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं, आमीच ऐकलं नाई. आमाले कोणीतरी पायजे होतं. याले शाळेतून उचलून आमीच नेलं, घरी आमीच ठेवलं. कचेरीत कळवा लागते हे आमाले माहीत नव्हतं अन्‌ यालेही कोणी सांगितलं नाई. तो शिकायला घाबरला होता, अन्‌ आमी त्याले लपायला जागा देल्ली. आता त्याले शिकाचं हाय.”

साहेबांनी थेनकडं पाहिलं. थेननं हात जोडून हो म्हटलं.

“ठीक आहे,” साहेब म्हणाले. “पण मग ती लग्नं कोणी लावली?”

जानरावला हिरा दिसायला लागली, गाठोडं घेऊन दारात उभी. त्यानं व्याह्याकडं पाहिलं. देवराव टोपी हातात घेऊन तिची कड चाचपत होता. साहेबांनी आता त्यालाच विचारलं, “तुम्ही सांगा. तुमच्या मुलाचं लग्न यानं लावलं ना?”

देवरावनं थेनकडं पाहिलं. पोरगा अजून हात जोडूनच उभा होता.

“नाई साहेब,” देवराव सावकाश म्हणाला. “हा पुढं म्हणत होता, आमी मागून म्हणत होतो. वचन माझ्या पोरानं देल्लं अन्‌ यायच्या पोरीनं देल्लं. लग्न त्या दोघायनंच लावलं. आमच्यात तसंच असते. आमाले सवय नव्हती, म्हणून आमी मधे एक माणूस उभा केला.”

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. बाहेर आल्यावर देवराव जानरावला एवढंच म्हणाला, की हिराला सातव्या महिन्यात बाळंतपणाला धाडतो, रुक्मावहिनीला सांग. जानरावनं सायकल धरून तिथंच डोळे पुसले.

परवाना झाला. अट अशी, की हॉस्टेलात राहायचं, शाळा बुडवायची नाही, आणि लग्नंबिग्नं बंद. तो कागद जानराव घरी घेऊन आला तेव्हा दिवे लागले होते. थेन सकाळी हॉस्टेलात जायचा होता. रुक्मानं भाकरी केल्या, घरच्यांची ताटं मांडली, आणि सवयीनं थेनपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

थेननं तांब्याकडं पाहिलं. “आई, मी आता विद्यार्थी हाय ना?”

“हो ना बाबा. सरकारनं लिहून देल्लं.”

“विद्यार्थी संध्याकाळी पण जेवते,” थेन म्हणाला.

रुक्माला आधी काही उमजलंच नाही. मग तिनं ताट वाढलं. तो मान वर न करता खात राहिला. एक भाकरी संपली, दुसरी संपली, ती वाढत राहिली आणि तो खात राहिला. इतके महिने हे पोरगं आपल्या घरात रोज उपाशी निजत होतं, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचा हात थांबला.

“कावून नाई बोललास रे माय?”

“बोललो होतो पहिल्या दिवशी,” थेन म्हणाला. “तुमी पाया पडल्या.”

रुक्मानं तोंडाला पदर लावला आणि रडत बसली. जानरावला काय करावं कळेना. त्यानं आपल्या ताटातली भाकरी उचलली आणि थेनच्या ताटात टाकली.

“खा बे,” तो म्हणाला.