रामाजीची हजेरी

मी एक जुना फौजी बूट आहे. उजवा. डावा माझा सख्खा जोडीदार, पण तो स्वभावानं गरीब. झालं गेलं विसरतो. मी विसरत नाही. माझ्या तळव्याच्या खिळ्यांना गंज चढला, मित्रांनो, रागाला नाही चढला.

कानपूरच्या कारखान्यात माझं कातडं शिवलं, टाचेला लोखंडी नाल ठोकली, आणि वर्धा जिल्ह्यातल्या एका विशीतल्या शिपायाच्या पायात मी गेलो. त्याचं नाव नानाजी थूल. देवळीच्या अलीकडे पांदणीनं आत गेलं की त्याचं गाव. त्याच गावचा रामाजी नगराळे त्याच पलटणीत होता. दोघांत पॉलिशची डबी एकच. रामाजी माझ्यावर फडकं असं फिरवायचा, की माझ्या टोकात त्याला स्वतःच्या मिशा दिसत. "नान्या, तुह्या बुटात मी तुह्याहून देखणा दिसतो बे," म्हणायचा.

एकाहत्तरच्या डिसेंबरात पूर्वेकडच्या एका भातखाचरातून आम्ही पुढं सरकत होतो. पाय टाकावा आणि भुईनं तो गिळावा, असा चिखल. तिथं रुतलो तो मीच. डावा सुटला, मी सुटेना. समोरून गोळ्या येत होत्या. पुढं निघून गेलेला रामाजी मागं वळला, खाली वाकला आणि दोन्ही हातांनी त्यानं मला ओढून काढलं. मी सुटलो, तो पडला. पडला तेव्हाही त्याची बोटं माझ्या नाडीत होती.

एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे माझा राग तुम्हाला कळेल.

लढाई जिंकून नानाजी गावी आला, तो आधी स्वतःच्या घरी गेला नाही. रामाजीच्या दारात उभा राहिला. रामाजीची बायको देवकाबाई तेव्हा एकोणीस वर्षांची होती. दळण दळत होती. तिनं वर पाहिलं, एकटा नानाजी पाहिला, आणि जातं फिरायचं थांबलं. पीठ तेवढं हळूहळू सांडत राहिलं.

पुढं नानाजीनं फौज सोडली, शेती धरली आणि मी पत्र्याच्या पेटीत गेलो. वर्षातून एकदा बाहेर येतो, सोळा डिसेंबरला. त्या दिवशी आसपासच्या गावांतले माजी सैनिक आमच्या गावात परेड करतात. स्मारकाच्या दगडापुढं रांग लागते, दगडावरची नावं एकेक करून पुकारली जातात आणि प्रत्येक नावाला सारी रांग उत्तर देते, "हाजिर!" मेलेला जवान त्या दिवशी गैरहजर राहत नाही, अशी आमची रीत.

दगडावर नावं पाच. रामाजीचं नाही.

का नाही, तेही ऐका. अठरा वर्षांपूर्वी दगड घडवला, तेव्हा स्मारक समितीचे अध्यक्ष होते मधुकरराव, कापसाचे व्यापारी. त्यांना गोदामासाठी देवकाबाईच्या वावराचा रस्त्याकडचा तुकडा हवा होता. ती म्हणाली, "नाई देत." महिन्याभरात नावांची यादी लागली, तिच्यात रामाजी नव्हता. "कागद भेटून नाई राह्यला, बाई. भेटला का टाकू," मधुकरराव म्हणाले. पलटणीचा कागद नानाजीनं तीनदा नेऊन दिला. तिन्ही वेळा तो हरवला.

तेव्हापासून दर वर्षी देवकाबाई परेडला येते, बायकांच्या घोळक्यात उभी राहते, पाच नावं ऐकते आणि घरी जाते. तिच्या पिढीच्या बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत. एकदा ती नानाजीला म्हणाली, "भाऊजी, मले तं घेता येत नाई. तुमच्यातलं कोणी त घ्या न बाप्पा. चार लोकायसमोर, एकडाव. मंग मी मराले मोकळी."

मला वाचा असती तर मी तिथंच ओरडलो असतो. बुटाला नुसता तळवा असतो.

आजवर परेड चालवणारे जुने सुभेदार वारले आणि यंदा पहिल्यांदाच नानाजी परेडचा कमांडर झाला. प्रमुख पाहुणे नेहमीचेच, मधुकरराव. सकाळी नानाजी अंगणात बसून मला घासत होता. नात हर्षा म्हणाली, "आबाजी, त्या बुढ्याले सलाम ठोकाले एवढी चमक?"

"सलाम नाई, पोरी. बदला."

"तुमचे गुडघे पाह्यले काय? बदला घ्याले पळा लागते!"

"ह्या बदल्यात नुसतं उभं राहा लागते," नानाजी म्हणाला आणि त्यानं माझी नाडी करकचून आवळली.

परेड निघाली. नऊ म्हातारे, मागं शाळेचं बँडपथक. मंडपाच्या सावलीत मधुकरराव, समोर उन्हात रांग. पाच नावं झाली. पाच वेळा "हाजिर" झालं. आता कमांडरनं पाहुण्यापुढं जाऊन परेड सोडायची परवानगी मागायची असते. परेड सुटल्याशिवाय कोणी जागा सोडायची नाही, पाहुण्यानंही नाही. आणि सोडायचा हुकूम एकटा कमांडर देतो.

नानाजीनं मला उचलून असं आपटलं, की मंडपातले पुढारी खुर्चीत सरळ झाले.

"श्रीमान, गिनती पूरी नहीं है! एक जवान बाकी है!"

मधुकरराव हसले. "नानाजी, झालं न आता. सोडा परेड. चहा थंडा होऊन राह्यला."

"गिनती पुरी झाल्याबिगर परेड सुटत नाई, साहेब."

"कोण बाकी हाये?"

"तुमाले माहीत हाये."

ऊन चढत गेलं. मधुकरराव एकदा उठू लागले, पण साऱ्या गावाचे डोळे त्यांच्यावर होते; ते परत बसले. त्यांच्या टोपीखालून घामाची धार निघाली. ती मी किती चवीनं पाहिली, काय सांगू! रांगेत टोकाला अण्णाजी होता, ऐंशीचा. तो पुटपुटला, "नानाजी, माहा गुडघा चालला."

"गुडघ्याले जाऊ दे. तू नोको जाऊ."

अण्णाजी फसकन हसला, पण ढळला नाही.

अर्ध्या तासानं गर्दीतून एक बाई ओरडली, "घ्या न नाव, मधुकरराव! का जीभ झिजते?" हशा पिकला. मधुकररावांनी माइक ओढला. "रामाजी," ते म्हणाले.

"पुरं नाव, साहेब." नानाजीनं खिशातून चौथा कागद काढून त्यांच्या हातात ठेवला.

त्यांनी चष्मा लावला आणि तोंडातल्या तोंडात वाचलं.

"रांगेले ऐकू नाई आलं, श्रीमान!"

तेव्हा साऱ्या गावाला, वावरातल्या तुरीलासुद्धा ऐकू जाईल असं त्यांना वाचावं लागलं: "सिपाही रामाजी सोमाजी नगराळे. वीरगती, डिसेंबर एकोणीसशे एकाहत्तर."

रांगेनं उत्तरासाठी श्वास घेतला. पण त्याआधीच बायकांच्या घोळक्यातून एक बारीक, कोरडा आवाज आला.

"हाजिर!"

देवकाबाई होती. दोन्ही हात मांड्यांशी चिकटवून, मान ताठ करून, सावधानमध्ये उभी. नऊ म्हाताऱ्यांनी मग उत्तर दिलंच नाही. नानाजी तिच्याकडं वळला, त्यानं सलाम केला आणि परेड सोडली. मधुकररावांचा चहा तसाच राहिला. पुढच्या आठवड्यात पाथरवट आला.

मित्रांनो, जुना बूट जपा असं मी सांगणार नाही. कातडंच ते, एक दिवस फाटायचंच. पण तुमच्या गावात असा दगड असेल, तर त्याच्यावर कोण आहे ते वाचून परत फिरू नका. कोण नाही, ते विचारा. आणि ज्यानं ते नाव गाळलं असेल, त्याच्याच तोंडून ते वदवून घ्या. हळू म्हटलं, तर पुन्हा म्हणायला लावा.