नागमोडी फाटकातली होडी

भरती चढत होती आणि रंधाताईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. वडिलांच्या मागे तिनं एकटीनं बांधलेली पहिली होडी आज पाण्यात जायची होती. धाकट्या भावानं मात्र सकाळीच नवंकोरं कुलूप खिशात टाकलं होतं. "आज होडी पाण्याला लागली तर ठीक, नाहीतर कारखाना बंद. किनाराच उरला नाही, तर होड्या बांधायच्या कुणासाठी?"

किनारा होता, पण मध्ये रिसॉर्ट आडवं आलं होतं. कोर्टानं किनाऱ्याकडची पायवाट उघडी ठेवायला लावली, तर मालकांनी तिच्या तोंडाशी नागमोडी कठड्याचं फाटक बसवलं. माणूस वळत वळत जाईल, गाडी जाणार नाही. रंधाताईनंही हार मानली नाही. फाटकाची रुंदी मोजून तिनं होडी बेताची बांधली, सगळी गल्ली गोळा केली आणि होडी खांद्यांवर घेऊन निघाली.

पहिल्याच वळणावर होडी अडकली. रंधाताईनं कपाळावर हात मारला. जन्मभर वाफेवर फळ्या वाकवणाऱ्या बाईला आत्ता आठवलं, की बांधून झालेली होडी वाकत नसते.

"रुंदी मोजलीस, वळण कोण मोजणार?" भाऊ म्हणाला.

रिसॉर्टचा मॅनेजर धावत आला. "मागे घ्या. आमच्या पाहुण्यांची वाट अडलीय."

खरंच, पलीकडे ओल्या टॉवेलांतले पाहुणे खोळंबले होते. त्यांना पाहून रंधाताईचे डोळे चमकले. कठडा कमरेएवढाच होता. होडी वरून गेली असती, पण गल्लीतल्या कुणाला हात सोडता येईना, आणि पलीकडून धरायला तर माणसं हवीत.

"अहो, नुसते बघताय काय? डुंबून झालंय ना, आता जरा हात लावा."

एका आजींनी टॉवेल कमरेला खोचला आणि त्या पुढे झाल्या. मग काय, सगळेच सरसावले. होडी डोक्यांवरून डुलत निघाली. एकदा ती मॅनेजरच्या बाजूला कलली, तेव्हा त्या बिचाऱ्यालाही टाय सावरत हात लावावा लागला. वाळूवर आल्यावर तर सगळे पळतच सुटले.

होडी पाण्याला टेकली आणि तरंगली. आत थेंबभर पाणी नाही. रंधाताई गुडघाभर पाण्यात उभी राहून हसता हसता रडली.

मॅनेजर भिजलेले बूट हातात घेऊन आला. "हे एवढं एकदाच ना?"

"एकदाच कसं?" उत्तर भावानं दिलं. त्यानं खिशातलं कुलूप काढून बहिणीच्या हातात ठेवलं. "पुढची याहून लांब आहे."